माळ्यावरचं गिअर ऑइल

माझ्या बावळटपणाचे किस्से तसे पोत्याने भरतील, पण हा एक असा आहे की सांगताना धड हसू येत नाही, धड रडू येत नाही. तुम्ही चहा घ्या, मी सांगते. फक्त मध्येच कुणी 'अगं, मेकॅनिकला विचारायचंस ना!' असं म्हणायचं नाही. विचारलेलं! तिथेच तर सगळं बिघडलं.

हे गेले त्याला वर्ष होत आलेलं. ह्यांची गाडी कोपरला आमच्या बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी. चौदा वर्षांची, पण ह्यांचा जीव होता तिच्यात. मी एक्कावन्नाव्या वर्षी क्लास लावून लायसन्स काढलं. का? तर गाडी विकायची नाही म्हणून! माझे धाकटे दीर, सुधीरभाऊजी, बाळकुमला राहतात. दर रविवारी फोनवर त्यांचं एकच टुमणं.

"वहिनी, उभ्या उभ्या सडतेय ती. इथे एक गिऱ्हाईक आहे, देऊन टाकू."

"मी चालवणार आहे."

"तुम्ही?"

ते 'तुम्ही' असं काही डोक्यात गेलं माझ्या! शेवटी ठरलं. वर्षश्राद्ध त्यांच्याकडेच होतं. मी स्वतः गाडी चालवत बाळकुमला धड नेली, तर विकायचा विषय कायमचा बंद. नाही जमलं, तर तिथल्या तिथे चावी गिऱ्हाइकाच्या हातात. श्राद्धाच्या दिवशी लावायची पैज आहे का ही? पण काय करू? त्या गाडीत बसलं की वाटायचं, हे आत्ताच उतरून गेलेत. सीट अजून ह्यांच्या उंचीला लावलेली होती. मी पाठीला दोन उशा लावून बसायचे, पण सीट पुढे सरकवली नाही.

गल्लीतला मेकॅनिक पप्पू म्हणाला, "मॅडम, वर्षभर उभी होती, गिअर ऑइल बदलून टाकू. पण मिळेल ते आणू नका. गाडीच्या पुस्तकात नंबर दिलेला असतो, तोच पाहिजे. जाड-पातळ झालं तर गिअर बोंबलणार."

घरी येऊन चष्मा लावून पुस्तक वाचलं. दहावीलासुद्धा एवढा अभ्यास केला नव्हता हो! पंचाहत्तर डब्ल्यू ऐंशी, जीएल चार. कागदावर लिहून घेतलं, आणि दुकानात जायच्या आधी सहज स्टुलावर चढून माळ्यावरचं ह्यांचं सामान बघितलं. तर काय! कोपऱ्यात ऑइलचा डबा. वर नंबर तोच. पंचाहत्तर डब्ल्यू ऐंशी, जीएल चार!

मी स्टुलावरच रडायला लागले. म्हटलं, बघा, गेले पण जाताना माझी सोय करून गेले.

डबा छातीशी धरून पप्पूकडे. त्याने झाकण उघडलं, बोटावर थेंब घेतला, आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"मॅडम, हे काळं आहे."

"वर्ष झालं ना, पडलं असेल काळं."

"डब्यात ठेवून नाही पडत काळं. सील पण तुटलेलं आहे."

"ह्यांनी उघडून बघितलं असेल. ते द्राक्षंसुद्धा चाखल्याशिवाय घ्यायचे नाहीत."

"डिझेलचा वास मारतोय, मॅडम."

"तुझ्या हाताचा असेल! दिवसभर त्यातच तर बरबटलेला असतोस."

बिचाऱ्याने बोट फडक्याला पुसलं. मी वर आणखी ऐकवलं, "ह्यांनी निवडलेलं तेल चुकीचं असूच शकत नाही. नंबर जुळतोय ना? मग टाक!" त्याने टाकलं. 'माझी जबाबदारी नाही हां,' हे मात्र तीनदा म्हणाला.

मग आठ दिवस सराव. पहिल्या दिवशी नुसतं गुणगुणणं. तिसऱ्या दिवशी कण्हणं. सहाव्या दिवशी तिसरा गिअर टाकला की असा कर्रकन आवाज, की वॉचमन खुर्चीवरून उठायचा. मी त्याला सांगायचे, "रुळतेय गाडी!" मला खरंच तसं वाटत होतं. एखाद्यावर विश्वास टाकला की कान पण त्याच्याच बाजूने ऐकतात.

श्राद्धाच्या दिवशी माणकोलीच्या पुलावर तिसरा गिअर गेला. हायवेला दुसऱ्यावर चालले, मागे ट्रकवाले हॉर्नवर हात ठेवूनच. काशेळीला दुसराही गेला. शेवटी पहिल्यावर रडतखडत बाळकुम. गुरुजी ताटकळलेले, भाऊजी गेटवर, आणि त्यांच्या शेजारी ते गिऱ्हाईक. बाळकुमचेच जुने शेतकरी, पोराला शिकायला गाडी हवी होती त्यांना.

आमचा आवाज वळणावरूनच पोचलेला. ते म्हणाले, "वयनी, ही गारी हाय का पिठाची चक्की? आपल्याला नको बाबा!" आणि चपला सरकवत निघून गेले.

"पोचले ना मी?" मी भाऊजींना म्हटलं. ताठा बघा!

"असं कसं झालं, वहिनी? ऑइल कुठलं घातलंत?"

उरलेल्या तेलाचा डबा मी बरोबर आणलेला. अभिमानाने पुढे केला. "हे. ह्यांनी आणलेलं. पुस्तकाशी नंबर जुळतो."

भाऊजींनी वास घेतला आणि पायरीवर बसलेच. "वहिनी, हे जुनं तेल आहे. गाडीतून काढलेलं. नवं दादाने गेल्या वर्षीच घातलं, मीच होतो सोबत. जुनं या रिकाम्या डब्यात भरलं आणि त्यात डिझेल मिसळलं. गावच्या घराच्या वाशांना लावायचं होतं, वाळवी लागू नये म्हणून. मे महिन्यात जाणार होता तो."

मे महिन्यापर्यंत हे राहिलेच नाहीत.

ह्यांनी माझी सोय वगैरे काही केलेली नव्हती. ह्यांना कुठे ठाऊक होतं, आपण जाणार आहोत ते! एवढं साधं कळायला मला अख्खा गिअरबॉक्स खर्ची घालावा लागला.

आता गाडी भाऊजींच्या बिल्डिंगखाली उभी आहे आणि विकायचं टुमणं मीच लावलंय. पण घेतंय कोण? गिऱ्हाईक येतं, चाकांना लाथ मारून बघतं आणि विचारतं, "गिअरबॉक्स कसा आहे?"

खोटं कशाला बोलू? मी सांगते, "गिअर पडत नाहीत. पण वाळवी लागणार नाही, ही माझी गॅरंटी."