हळदीचा ड्रम

पाठवणीच्या वेळी बाकीच्यांचे बाप रडतात. आमचे आबा जावयाला बाजूला घेऊन विचारत होते, घराच्या तुळया सागाच्या आहेत ना. वऱ्हाड हसलं. मला हसू आलं नाही. कोयनेच्या मोठ्या भूकंपात आमचं घर बसलं होतं, धाकटी बहीण त्यातच गेली, आणि १९७० साल उलटलं तरी आम्ही पत्र्याच्या शेडात राहत होतो. एस.टी. सुटताना आबा खिडकीशी आले. "आवाज आला की हातातलं टाकायचं. भाईर पळाय जमलं न्हाई तर टेबलाखाली शिरायचं. इचार करत बसू नगंस."

तुम्हा गावी राहिलेल्यांना तो आवाज सांगायला नको. धक्क्याच्या आधी जमिनीच्या पोटातून गडगड येते. सांगलीला सासरी तीच गडगड परसातून यायची! घरचा हळदीचा व्यापार. वाळलेली हळद लोखंडी ड्रममध्ये घालून गडी फिरवायचे, म्हणजे तिला चकाकी येते. पहिल्यांदा ड्रम फिरला आणि मी परात टाकून पाहुण्यांदेखत टेबलाखाली शिरले. सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, बोलायला विषयच मिळाला. येईल त्याला सांगायच्या, सून अंगाला हळद लावून आली आन् हळदीलाच भ्येती.

मग मी मनाला समजावत गेले, ड्रम आहे, बसून राहा. हळूहळू सवय झाली. तुमच्यातल्या घर सोडून गेलेल्या सगळ्यांना अशी काहीतरी सवय झालीच असेल.

लेक झाली. एका दुपारी ती पाळण्यात झोपली होती, मी शेजारी तांदूळ निवडत होते. गडगड आली. मी निवडतच राहिले.

"आगं, आज आवस हाय. ड्रम बंद हाय!"

आत्याबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. अमावास्येला गडी येत नाहीत, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. कळलं तरी मला जागचं हलता येईना. त्यांनी पोर उचलली, मला दंडाला धरून ओढलं आणि आम्ही तिघी टेबलाखाली शिरलो. भिंत थरथरली. फळीवरची पितळी कळशी थेट पाळण्यात पडली.

सांगलीत बाकी कुठं काही पडलं नाही. मी मात्र दोन दिवस लेकीला मांडीवरून खाली ठेवलं नाही. ज्या आवाजानं माझी बहीण नेली तो मला ओळखू येऊ नये, याचाच मी धसका घेतला होता. आत्याबाईंनी फळीवरची भांडी गुपचूप खाली उतरवली. हळदीची थट्टा पुन्हा कधी केली नाही.

कळल्यावर आबा न्यायला आले. म्हणाले, चल थोडे दिवस, पत्र्याखाली भ्या न्हाई. जायची ओढ लय होती.

"आबा," मी म्हणाले, "माजा कान चुकला, तवा आत्याबाईंचा जागा व्हता. मी हितंच ऱ्हाते."

आत्याबाई वयानं धाकट्या, तरी आबांनी उठून त्यांच्या पायांना हात लावला.

तेव्हापासून कुणी गाव विचारलं की मी सांगली सांगते. सांगताना तुम्ही सगळे आठवता, पण सांगते सांगलीच.