जिला लागलं, तिनं सांगायचं

अक्का गेली त्या दुपारी पहिला फोन तिच्या जुन्या शाळेतून आला. "चांगलासा फोटो पाठवा, फ्लेक्स करायचाय," एवढंच. कशी गेली, घरात कोण आहे, काही विचारणं नाही. तंजावुरात माणूस गेलं की गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागतो, ही इथली रीत. संध्याकाळी तो लागलाही. कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढी अक्का, आणि मधोमध हात जोडून शाळेचे करस्पॉण्डण्ट, म्हणजे इथल्या भाषेत संस्थेचे सर्वेसर्वा, दाराएवढे. खाली लिहिलं होतं, 'आमच्या संस्कारांची जननी'. मी घरातून स्टूल आणि भाजीची सुरी घेऊन गेले आणि दोऱ्या कापल्या. लोक बघत होते. बघू देत.

हा लेख मी रागात लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल चार गोड शब्द लिहायचे असतात, ते लिहीनच. पण ज्यानं तिचा अपमान केला त्याला गाळून मला तिच्याबद्दल लिहिता येत नाही.

तुळसाअक्का माझी नणंद. साताऱ्याहून लग्न होऊन मी तंजावुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या या मराठी घरात आले, तेव्हा पुढच्या खोलीत तिची बालवाडी भरलेली होती. कुणी रांगतंय, कुणी परातीतल्या ओल्या वाळूत बोट फिरवतंय, कुणी पाण्याच्या तांब्यात तोंड घालून बुडबुडे काढतंय. माझ्या मनात आलं, हे कुठे येऊन पडले. अक्काची मराठी जुन्या वळणाची आणि सूर सगळा तमिळ. "सगळे" म्हणायला ती "अस्की" म्हणे. मी हसले की तीही हसायची. "हस, हस. अस्की लेकरं तुज वहिनी म्हणतील आता," म्हणाली, आणि खरंच तेव्हापासून मी साऱ्या गावाची वहिनी झाले.

अक्षरांची तिला घाई नव्हती. आईबाप येऊन विचारत, एबीसीडी कधी? ती म्हणे, आधी शेजारच्याला पाणी देऊं दे. तिच्या बालवाडीत खरा नियम एकच होता. एका पोरानं दुसऱ्याला मारलं, ओरबाडलं, तर मोठ्यांनी शिक्षा करायची नाही. ज्याला लागलं त्याला अक्का चटईवर जवळ घ्यायची, पाणी पाजायची आणि विचारायची, "तुज लागलं न? तू सांग. तेनं काय करणें?" तो सांगेल ते दुसऱ्यानं करायचं. त्याला काही सुचेपर्यंत मारणाऱ्यानं समोर बसून राहायचं. केलं की संपलं, पुन्हा कुणी त्याचं नाव काढायचं नाही. मला वाटलं होतं पोरं एकमेकांचा जीव घेतील. पोरं काय मागायची? "मला वारा घाल." "माझ्या चपला घालून दे." एकीनं तर "माझ्याकडे बघून हस" एवढंच मागितलं होतं... आणि मारणाऱ्याला तेवढं जमता जमेना.

याच खोलीत भातगिरणीवाल्यांचा रघू यायचा. आमच्यातलाच, मराठी घरातला, लाडावलेला. तो एकदा सेल्वीच्या दंडाला कडकडून चावला. सेल्वी फुलवालीची मुलगी, आईनं दुपारपर्यंत सांभाळायला दिलेली फुलांची टोपली घेऊन यायची. तिनं सांगितलं, फुलं सुकू देऊ नकोस. झालं, रघू सकाळभर उकिडवा बसून बोटांनी मोगऱ्यावर पाणी शिंपडत होता. त्याचे आजोबा तणतणत आले, आमचा नातू फुलवालीची चाकरी करणार का? अक्का शांतपणे म्हणाली, "लागलं तें तिज. तुम्हांस काय झालं?" आजोबा आले तसे परत गेले. रघूनं मान वर करून बघितलंही नाही, तो फुलांत रमला होता.

पुढे एका शाळेनं अक्काला बालवर्गासकट बोलावून घेतलं, आणि ती पुष्कळ वर्षं तिथं रमली. मग त्या शाळेचा करस्पॉण्डण्ट म्हणून आला तो हाच रघू. त्याला तीन वर्षांच्या मुलांच्या परीक्षा हव्या होत्या. अक्का नाही म्हणाली. त्यानं संधीची वाट पाहिली. बालवर्गात एक मुलगा दुसऱ्याला चावला, आईबाप भांडायला आले, तेव्हा यानं पालकांची सभा घेतली आणि भर सभेत अक्काला उभं केलं. म्हणाला, "या बाईंना शिस्त ठाऊक नाही, न्याय पोरांच्या हाती देतात. पालकांची माफी मागा." तिनं मागितली. ज्याला स्वतः त्या नियमानं वाढवलं, त्याच्यासमोर. दुसऱ्या दिवसापासून तिला येऊ नका म्हणून कळवलं. त्यानंतर ती त्या रस्त्यानं गेली नाही. बाजाराला निघाली तरी ऑटोवाल्याला लांबून वळवायला लावायची. आणि शाळेच्या माहितीपत्रकात तिचाच नियम छापून आला, गुळगुळीत कागदावर, 'आमची सामायिक मूल्यं' म्हणून. मला ते वाचून हसू आलं नाही.

तेराव्यानंतर रघू घरी आला. नव्या इमारतीला अक्काचं नाव द्यायचंय, उद्घाटनाला घरच्यांनी यावं, फोटो काढू. मी नाही म्हटलं. मग त्याचा आवाज उतरला. "वहिनी, चुकलं तें मज कळतें. तुम्हीं सांगा. मी काय करूं?"

मी म्हटलं, "रघू, नियम विसरलास? ज्याला लागलं त्यानं सांगायचं. मला लागलेलं नाही. जिला लागलं तिला तू तेव्हा विचारलं नाहीस, आता ती नाही. तुला सांगणारं कुणी उरलं नाही, आणि सोडवणारंही." तो उठला नाही. या गावात मीटर बघायला आलेल्या माणसालाही कॉफी मिळते. आत डिकॉक्शन उतरत होतं, वास पुढच्या खोलीपर्यंत आला होता. मी माझ्यापुरती कॉफी आणली आणि त्याच्यासमोर बसून प्यायले.

इमारतीला नाव दिलं नाही. पण तो आता दर शुक्रवारी येतो. अक्काला हे आवडलं नसतं, ती म्हणाली असती, बस झालं, जाऊं दे त्याला. न आवडो. भिंतीत गुडघ्याएवढ्या उंचीवर तिनं मुलांच्या पिशव्यांसाठी ठोकलेल्या खुंट्या अजून तशाच आहेत. हा मोठा माणूस आत येतो, वाकून आपली लॅपटॉपची बॅग त्यातल्या एका खुंटीला अडकवतो आणि खाली बसतो. मी काही सांगेन म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहतो. मी सांगत नाही.