हनुवटीवर टेकलेलं बोट

मी शिलाई करते. मोखाड्याच्या बाजारात, जीप उभ्या राहतात तिथून जवळच, माझं ब्लाउज आणि फॉल-पिकोचं दुकान आहे. घर सूर्यमाळच्या अंगाला एका पाड्यावर. रोज सकाळी पिशवी खांद्याला अडकवायची, उतार उतरून डांबरी रस्त्याला यायचं आणि मिळेल ती जीप धरायची. हे एवढ्यासाठी सांगते की व्हिडिओबिडिओ बनवणारी बाई मी नाही. कापडाला कात्री लावताना माझा हात कधी थरथरला नाही, पण मोबाइलमध्ये काही नवीन आलं की मी आधी चिडते आणि मग शिकते.

त्या उन्हाळ्यात एका गिऱ्हाइणीने मला सांगितलं, नुसतं लिहायचं, व्हिडिओ आपोआप तयार होतो, आणि पैसे पडत नाहीत. फुकट ते पौष्टिक. मी म्हटलं, दुकानाची जाहिरात करून स्टेटसला ठेवू. नाव नोंदवलं तेव्हा कळलं की फुकटालाही रीत असते. दिवसाला थोडेच व्हिडिओ, प्रत्येक काही सेकंदांचा, कोपऱ्यात त्यांचा शिक्का, आणि तेवढे संपले की उद्या या. रेशनच्या दुकानासारखंच.

घरात रेंज नाही. घरामागे कातळ आहे, त्याच्या टोकावर मिळते. संध्याकाळी तिथे बसून मी मराठीतच लिहिलं: हिरव्या साडीतली नवरी हसते आहे, ब्लाउजच्या बाहीला मोत्यांची लेस आहे. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. मग नवरी आली. ती हसली, मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि तिचा पदर वाऱ्याने उडाला. वारा मी लिहिलाच नव्हता. मी खरंच दचकले. पुन्हा पुन्हा लावून बघितलं, आणि दर वेळी त्या पदराने अंगावर काटा आला.

नंतर माझी शिंपिणीची नजर जागी झाली. बाही मनगटाशी साडीतच विरघळली होती. अशी बाही मी शिवली असती तर गिऱ्हाइणीने तोंडावर फेकली असती.

तेवढ्यात आक्का शेळ्या घेऊन कातळावर आली. आक्का माझी थोरली बहीण. जन्मापासून तिला ऐकू येत नाही, म्हणून बोलताही येत नाही. पाड्यावर तिला मुकी म्हणतात, आणि त्यावरून मी बऱ्याच जणांशी भांडले आहे. घरात आम्ही तिघं, ती, दादा आणि मी. तिच्याशी आमचं खुणांनी भागायचं. जेव, चल, पाणी आण, पाऊस आला. एवढ्यात संसार चालतो, आणि चालतो म्हणून कुणी पुढचं विचारत नाही.

पण त्या दिवसांत घरात तिच्यावरून रोज कटकट चालली होती. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले होते, मृग जवळ आला होता, आणि आक्का रोज सकाळी शेळ्या सोडून डांबरी रस्त्याला जाऊन उभी राहायची. थेट वळणावर. मागून हॉर्न वाजला तर तिला कळणार कसा? दादा तिला हाताला धरून आणायचा, ती पुन्हा जायची. येताना तिचे हात सारखे चालू असायचे. ती हवेत काहीतरी थापायची. आम्ही समजायचो भूक लागली, आणि पुढ्यात भाकरी ठेवायचो. ती ताट सारायची. हनुवटीवर बोट टेकवायची. दात दुखतो म्हणून दादा तिला जव्हारला डॉक्टरकडे घेऊन गेला, डॉक्टर म्हणाले दात माझ्यापेक्षा चांगले आहेत. मला बघून तर खांद्यावर हात नेऊन खाली ओढायची. ती तिची फार जुनी खूण. वात असेल म्हणून मी कित्येक वर्षं तिच्या खांद्याला मलम चोळत आले.

दादाने शेवटी कुलूप आणलं. दिवसा तिला घरात ठेवून दाराला लावायचं.

"आथा नांगर धरू का हिला राखू?" तो म्हणाला. "एक दिस गाडी ठोकल तिला, मंग तू रडत बसशील."

मी त्याला नको नको ते बोलले. जिला बोलता येत नाही तिला कोंडलं तर ती ओरडणार कशी? पण रात्रंदिवस तिच्या मागे फिरणं मलाही जमणार नव्हतं. चार दिवस थांब, एवढंच मागून घेतलं.

तर कातळावर आक्काने माझ्या खांद्यावरून ती नवरी बघितली. मोबाइल हातात घेतला, उलटा करून मागे कोण आहे ते बघितलं. मग नवरीच्या हातावर बोट ठेवलं आणि स्वतःचा पंजा माझ्यापुढे धरून त्याला दुसऱ्या हाताचा अंगठा जोडला. नवरीला सहा बोटं होती. माझं लक्ष लेसवर, तिचं हातावर. ती हसली, आणि हसता हसता थांबली. माझ्या अंगठ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, पुन्हा अंगठ्याकडे. माझा अंगठा जे सांगतो ते तिथे उमटतं, हे तिला कळलं.

तिने मोबाइल माझ्या हातात दिला, हवेत थापलं आणि पडद्यावर बोट आपटलं. हे काढ.

त्या यंत्राचा खरा उपयोग आमच्या घरात पहिल्यांदा तिला सुचला. मी जाहिरात करत बसले होते.

मी लिहिलं, बाई भाकरी थापते आहे. आलं काय, तर कुठल्याशा हॉटेलात पांढरी टोपी घातलेला बाप्या मैद्याचा गोळा नाचवत होता. आक्काने मान हलवली. यंत्राचंच चुकलं म्हणून मी दुसऱ्या दिवशी पहाटे सगळं मापात लिहिलं. मातीची चूल, लोखंडी तवा, नागलीची काळपट भाकरी, पाटावर बसलेली बाई. या वेळी इतकं हुबेहूब आलं की चुलीचा धूर बघून माझेच डोळे चुरचुरले. आमची चूल त्याला कुणी दाखवली? मी भारावून बघत होते, आणि आक्काने माझा हात असा झटकला की मोबाइल कातळावरून खाली जायचा.

भाकरी नव्हती. कधीच नव्हती.

नकार काय असतो ते मला तेव्हा समजलं. इतकी वर्षं आम्ही तिच्यापुढे काहीतरी ठेवायचो आणि ती ते मुकाट घ्यायची किंवा सारायची. आज तिच्यापुढे आमचा अंदाजच हलताबोलता उभा होता, आणि तो चूक आहे हे तिला सांगता येत होतं. फोटो तिला मी पूर्वी दाखवले होते. पण फोटो जागचा हलत नाही, आणि आक्काचं सगळं सांगणं हलण्यातच असतं.

तिने माझी मनगटं धरली आणि माझ्याच हातांनी ते करून दाखवलं. ओंजळ भरून उचलायचं, जोरात आपटायचं, तळव्यांनी दाबायचं, मग झटक्यात उपडं करायचं. मी कुडाला माती लिंपणारी बाई काढली. तिने माझा दंड घट्ट धरला, म्हणजे जवळ आलीस. मडकी काढली, नाही. आणि त्या दिवसाचं फुकट संपलं.

पुढच्या दिवशी मशीनवर माझं ध्यान नव्हतं, एक बाही उलटी जोडली. संध्याकाळी परतताना जीपमध्ये शेजारी भिवंडीकडून आलेलं एक कुटुंब बसलं होतं, गाठोडी मांडीवर घेऊन. दिवाळीनंतर आमच्याकडची माणसं वीटभट्टीवर जातात आणि पेरणीच्या आधी परततात, त्यातलंच. त्या बाईचे तळवे भेगाळलेले होते. मी ते बघत राहिले आणि जीप थांबायच्या आधीच उठून उभी राहिले.

कातळावर जाऊन लिहिलं, साच्यात चिखल भरून विटा पाडणारी बाई.

चक्र फिरलं. बाई उकिडवी बसली होती, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. तिने चिखलाचा गोळा साच्यात आपटला, दाबला, उपडा केला. तिची बोटं चिखलात मिसळून जात होती, पण वीट सुटी झाली. आक्काच्या घशातून एक आवाज आला. तो आवाज मी आधी ऐकलेला नव्हता. ती मोबाइल दोन्ही हातांत घेऊन मटकन खाली बसली.

मग तिने त्या बाईच्या हनुवटीवर बोट ठेवलं आणि मान हलवली. स्वतःच्या हनुवटीवर बोट टेकवलं. मला पुन्हा दातच आठवला, इतकी मी मठ्ठ. ती चिडली. माझ्या पिशवीत हात घालून तिने कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि स्वतःच्या हनुवटीवर ठिपके काढले.

हनुवटीवर गोंदण असलेली बाई आमच्या पाड्यावर एकच. ओढ्यापलीकडची कातकरीण. तिची झोपडी पाड्यापासून फटकून, जमीन नाही, मिळेल ती मजुरी. पावसाळाभर ती आणि आक्का एकत्र शेळ्या चारायच्या. आमच्यातले काही लोक तिच्या घरचं पाणीही पीत नाहीत. दरवर्षी ती भट्टीवर जायची आणि परतायची. या वर्षी सगळे परतले, ती नाही, आणि ते पाड्यावर एकाच माणसाच्या लक्षात आलं होतं. ते माणूस रोज रस्त्याला उभं राहून येणारी प्रत्येक जीप बघत होतं.

म्हणजे हनुवटीवरचं बोट हे नाव होतं. आक्का आम्हाला रोज सांगत होती: ती, जी विटा पाडायला गेली, ती आली नाही.

मला समजलं होतं, तरी आक्काने हट्ट धरला. मी गोंदणाची बाई काढली. यंत्राने ठिपके दिले, पण ते हनुवटीवर इकडून तिकडे सरकत होते. आक्का ते सरकणारे ठिपके संपेपर्यंत बघायची आणि पुन्हा लावायला सांगायची.

दादाला सगळं सांगितलं. मग त्याने बाजारातल्या मुकादमाचा नंबर लावला, मुकादमाने भट्टीवर हिशेब ठेवणाऱ्या मुनशीचा दिला. दुसऱ्या दिवशी कातळावर आक्काला शेजारी बसवून मी त्या मुनशीला व्हिडिओ कॉल केला. "हां, है इधर," तो म्हणाला. "पैर टूटा है उसका, इसलिए गाँव नहीं गई." आणि पत्र्याच्या शेडमध्ये चालत जाऊन त्याने फोन तिच्यापुढे धरला.

पाय प्लास्टरमध्ये, पाठ भिंतीला. तिने आक्काला बघितलं. फोन एका विटेला टेकवून ठेवायला लावला, कारण तिला दोन्ही हात लागणार होते.

आणि त्या दोघी बोलू लागल्या.

हे कसं सांगू मला कळत नाही. आमच्या खुणा म्हणजे जेव, चल, पाणी. इथे हात थांबतच नव्हते. बोटं, भुवया, खांदे, गाल, सगळं बोलत होतं. एक विचारायची, दुसरी मध्येच तोडायची, मग दोघी हसायच्या. आक्का नक्कल करत होती, बहुतेक दादाची, कारण दाराला कुलूप लावायची खूण तेवढी मला कळली. माझी बहीण थट्टा करते हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरात एक अख्खी भाषा राहत होती आणि तिचे ऐकणारे ओढ्यापलीकडे होते. काखेत कळसा, दुसरं काय. लिहिलं की नवरी हसते याचं मला नवल वाटलं होतं, पण आक्काचे हात बघताना ती नवरी मी विसरूनच गेले.

"काय सांगते ती?" मी शेवटी विचारलं.

"पुसतं, पाय कसा मोडला," कातकरीण म्हणाली. "मी सांगलं, घसरलू. पाऊस सरल का येईन. आथा ती रस्त्याला नाय जायची."

आक्काने माझ्याकडे बघून खांद्यावर हात नेला आणि खाली ओढला. मी सवयीने म्हटलं, "खांदा दुखतो वाटतं तिचा."

कातकरीण हसायला लागली. "नाय गं बाय. ती पिशवी हाय. पिशवी अडकवून रोज जीपला जातं ती कोण? तू. तुझा नाव हाय तो."

फोनमध्ये ती आणि शेजारी आक्का, दोघी माझ्याकडे बघत होत्या, आणि आक्काने पुन्हा एकदा, सावकाश, लहान पोरीला शिकवावं तसा खांद्यावरून हात ओढला.

पाऊस सरल्यावर कातकरीण काठी टेकत परत आली. दादाचं कुलूप शेळ्यांच्या गोठ्याला लागलं. माझी जाहिरात व्हायची ती राहूनच गेली. रोजचं फुकट आता आम्ही दोघी कातळावर बसून संपवतो, ती हातांनी सांगते, मी लिहिते, ती चुका काढते.

मलमाची बाटली फळीवर तशीच आहे. आक्काने खांद्याला हात लावला की मी तिकडे जात नाही. हातातलं काम ठेवते आणि तिच्याकडे वळून बघते.