कॅमेऱ्यामागचे साडू

आमच्या साडूंनी गेल्या बावीस वर्षांत कुठलीही गोष्ट नुसत्या डोळ्यांनी पाहिलेली नाही. समुद्र असो, बर्फ असो, शेजाऱ्याचं नवं कुंपण असो की स्वतःच्या मुलीचं पहिलं पाऊल असो, सगळं त्यांनी व्हिडिओ कॅमेऱ्याच्या भिंगातून पाहिलं, आणि तेही फक्त उजव्या डोळ्याने. डावा त्या वेळी घट्ट मिटलेला असतो. त्यांच्या डाव्या डोळ्याला आपण जर्मनीत आलोय याचा अजून पत्ताच नाही, असं माझी बायको म्हणते. तिला तसं म्हणायचा हक्क आहे, कारण साडू म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. ते राहतात वोल्फ्सबुर्गला आणि तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात ब्रेक तपासतात. आम्ही राहतो कार्ल्सरूहेला. मधे पाच तासांचा रस्ता आहे आणि त्या रस्त्याच्याही तीन कॅसेटी आहेत.

जर्मनीत आल्यावर त्यांनी आधी कॅमेरा घेतला आणि मग पलंग. तो पलंग केव्हाच मोडला, कॅमेरा अजून चालतो. त्याला लागतात त्या काडेपेटीएवढ्या कॅसेटी आता दुकानात दिसत नाहीत, म्हणून साडूंनी वेळीच साठा करून तो केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरात, कांद्यांची पिशवी आणि हिवाळी टायर यांच्या मधे ठेवलाय. प्रत्येक भरलेल्या कॅसेटवर स्थळ, तारीख आणि हवामान लिहिलेलं असतं. भिंग पुसायला ताईंच्या जुन्या व्हॉइलच्या साडीचा चौकोन आहे. साडी जुनी नव्हती, असं ताईंचं म्हणणं आहे. "दादा, फोनमध्येच चांगला कॅमेरा येतो की आता," असं मी एकदा बोलून गेलो. "फोन बोलायला असतो," ते म्हणाले. "उद्या तुम्ही म्हणाल, इस्त्रीवर पोळी भाजा." त्यानंतर त्या दिवसभरात ते माझ्याशी फक्त हवामानाविषयी बोलले.

घरातला प्रत्येक आनंदाचा प्रसंग साडूंच्या सोयीने घडावा लागतो. रेवाच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीच्या, पहिल्या वाढदिवसाला केकवरची मेणबत्ती विझली आणि नेमका फोकस गेला, म्हणून ती परत पेटवली. दुसऱ्या वेळी मधे माझं डोकं आलं. तिसऱ्या वेळी पोरीने भोकाड पसरलं, ते मात्र फार सुरेख आलंय. चौथ्या वेळेपर्यंत मेणबत्ती केकमध्ये निम्मी वितळली होती आणि पाहुणे नुसत्या चिवड्यावर पोट भरून घरी जायच्या बेतात होते. पण कॅसेट बघणाऱ्याला वाटावं, किती शिस्तीत झाला हो वाढदिवस!

शिस्तीवरून आठवलं. एकदा बागेत ते रेवाचा झोपाळा टिपत असताना एक जर्मन बाई तरातरा आल्या आणि माझं मूल तुमच्या चित्रात आलं, हे चालणार नाही, म्हणून त्यांनी सुनावलं. दुसरा कुणी असता तर ओशाळला असता किंवा भांडला असता. साडूंना बाईंचं म्हणणं मनापासून पटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी संमतिपत्राचा नमुना तयार केला आणि तेव्हापासून कॅमेऱ्याच्या पिशवीत त्याच्या कोऱ्या प्रती असतात. वोल्फ्सबुर्गच्या मराठी मंडळींच्या गणपतीत आरतीच्या आधी त्यांनी चौदा कुटुंबांच्या सह्या घेतल्या. एका कुटुंबाने सही द्यायला नकार दिला, त्यांना बिचाऱ्यांना सगळी आरती खांबाआडून म्हणावी लागली. "आणि गणपतीची सही?" कुणीतरी खोचकपणे विचारलं. साडूंनी त्यावरही विचार करून ठेवला होता. "तो सार्वजनिक व्यक्तिमत्त्वात मोडतो," ते म्हणाले. "त्याला लागत नाही. गेनाऊ, अगदी तसंच लिहिलंय कायद्यात."

आता त्यांच्या चित्रणातली सगळ्यात मोठी खोड. कॅसेट कुठलीही लावा, ती "आई, नमस्कार" इथूनच सुरू होते. कारण हा सगळा उद्योग मुळात त्यांच्या आईंसाठी होता. आई मिरजेला. गुडघे धड नाहीत, विमानाचं नाव काढलं तरी छातीत धडधड. तेव्हा आई जर्मनीला येत नाही तर जर्मनी आईकडे पाठवायची, असं साडूंनी ठरवलं. कुणी भारतात निघालं की त्याच्या सामानात साडूंनी कॅसेटवरून उतरवलेली एक सीडी असायचीच. "आई, नमस्कार. ही बघ आमची बाजारपेठ. हे पावाचं दुकान. ही रेवा, बर्फात उभी आहे." आई ते बघून फोनवर शेरे द्यायच्या. "अरे, त्या रस्त्यावर एवढी शांतता कशी? कुणी गेलंय का?" डिसेंबरातली सीडी मिरजेला पोचायची जुलै महिन्यात, आणि इकडे उन्हाने अंगाची लाही होत असताना फोन यायचा, "पोरीला आधी स्वेटर घाल." आणि शेवटी दरवेळी एकच तक्रार, "सगळं दाखवतोस, पण तू कुठे आहेस यात? वाळलास का काय?" साडू म्हणायचे, "मी आहे ना. आवाज ऐकतेस की."

सात वर्षांपूर्वी आई गेल्या. साडू जाऊन सगळं करून आले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही सगळे एका तळ्यावर गेलो होतो. साडूंनी पिशवी उघडली, कॅमेरा डोळ्याला लावला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आई, नमस्कार. हे बघ तळं." ताईंनी माझ्या बायकोकडे पाहिलं, बायकोने माझ्याकडे, मी तळ्याकडे. तेव्हापासून आजवर त्याविषयी आमच्यात कुणी चकार शब्द काढलेला नाही. मीही इथे प्रथमच लिहितोय.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे गेल्या उन्हाळ्यातली ती बैठक. रेवा शाळा संपवून ऑक्टोबरमध्ये आमच्या गावाला, कार्ल्सरूहेच्या विद्यापीठात, शिकायला येणार होती. त्याआधीची शेवटची सुट्टी म्हणून दोन्ही घरांनी मिळून मोठ्या पाळण्यांच्या आणि घसरगाड्यांच्या, म्हणजे रोलर कोस्टरच्या, एका बागेत दोन दिवस घालवायचं ठरलं. बाग आमच्यापासून तासाभरावर. साडू मंडळी आदल्या दिवशी दुपारी आमच्याकडे आली आणि चहा होतो न होतो तोच रेवाने जाहीर केलं, "एंटवेडर डी कामेरा, ओडर इश." एक तर कॅमेरा येईल, नाहीतर मी. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच देते. आणि ते आईच्या हट्टीपणाने आणि बापाच्या मुद्देसूदपणाने देते.

साडूंनी लगेच रीतसर बैठक बोलावली. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद आला, विषयपत्रिका लिहिली गेली. मुद्दा पहिला, कॅमेरा न्यावा की नाही. मुद्दा दुसरा, इतर. ताई म्हणाल्या, "अहो, राहू दे ना एकदा घरी! ते दोन दिवस मी तुमची पिशवी धरून उभी राहायची का?" माझी बायको म्हणाली, पाण्यातून जाणारी होडी आहे, कॅमेरा भिजेल. त्यावर साडूंनी विमा कंपनीचं पत्रच काढलं. कॅमेरा उंचावरून पडल्यास घरगुती विम्यात बसतो का, हे त्यांनी जूनमध्येच लेखी विचारून ठेवलं होतं. बसत नव्हता. तरी पत्र जपून ठेवलेलं. मला विचारलं तेव्हा मी नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंनी बोललो.

मग रेवा बोलली. ती जर्मनमध्ये बोलली, मी मराठीत सांगतो. "लहानपणापासून मी प्रत्येक पाळण्यावरून खाली हात करते, आणि बाबांच्या तोंडाच्या जागी एक काळा ठोकळा असतो. मला अजून माहीत नाही, मी हात केल्यावर बाबा हसतात की नाही. ऑक्टोबरमध्ये मी जाणार. एकदा तरी बघू दे."

साडू म्हणाले, "आल्झो." म्हणजे, तर मग. ब्रेक तपासणारा माणूस, निर्णय कागदावर उतरल्याशिवाय घेणार कसा? त्यांनी पानाच्या मधोमध रेघ ओढली. न नेण्याच्या बाजूला मुद्दे भराभर लिहिले गेले. पाणी, गर्दी, अनोळखी माणसं, सह्या, विमा, रेवा. नेण्याच्या बाजूला त्यांनी फक्त एक शब्द लिहिला, पेन्सिलने तो खोडला आणि शेजारी 'नोंद राहते' असं लिहिलं. मी समोर बसलो होतो आणि मला उलटं वाचता येतं. खोडलेला शब्द 'आई' होता. त्या क्षणी मला साडूंचं इतकं वाईट वाटलं, की मी उठून उगाचच परत चहाचं आधण ठेवलं. कॅमेरा घरी ठेवायचा म्हणजे त्यांच्यासाठी काय होतं, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. सात वर्षं त्यांनी एक फोन खाली ठेवलाच नव्हता, तो आता ठेवायचा होता.

"नको न्यायला," साडू म्हणाले आणि त्यांनी कागदाची व्यवस्थित घडी घातली. मुद्दा दुसरा राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा आमच्या झोपायच्या खोलीतल्या कपाटात शालीत गुंडाळून ठेवला गेला. सगळे गाडीत बसल्यावर साडू दोनदा परत वर गेले. एकदा गॉगल विसरला म्हणून, एकदा गॅस बघायला. आमच्याकडे विजेची शेगडी आहे. दुसऱ्या वेळी मी मागोमाग गेलो तर ते उघड्या कपाटासमोर उभे होते आणि कुणाला तरी म्हणाले, "बरं, येतो." मी पाय न वाजवता जिना उतरलो.

बागेत त्यांचे फार हाल झाले. हातांचं काय करायचं, हेच त्यांना कळेना. खिशात घातले, मागे बांधले, शेवटी ताईंची पर्स धरली. कुणी चार जण एकत्र उभे राहिले की ते सवयीने मागे मागे सरकत जायचे. असेच सरकताना एका आजोबांच्या बटाट्याच्या कापांत त्यांचं कोपर गेलं आणि माफी मागता मागता त्यांनी आजोबांनाही "जरा डावीकडे" म्हटलं. मधूनच त्यांचे ओठ हलायचे. "आता आपण होडीकडे निघालोय," असं ते कुणालाही उद्देशून नसल्यासारखं म्हणायचे.

आणि मग त्या बागेतली सर्वांत उंच घसरगाडी आली. आयुष्यात साडू अशा गाडीत बसलेले नव्हते. चित्रण कोण करणार आणि सामान कोण सांभाळणार, ही त्यांची दोन ठरलेली कारणं. आज चित्रण नव्हतं आणि सामान म्हणजे बायकोची पर्स. रेवाने ती पर्स काढून माझ्या हातात दिली, बापाचं मनगट धरलं आणि म्हणाली, "कोम येत्स्ट, बाबा." चला आता. दिवसभर ब्रेक तपासणाऱ्या माणसाला ब्रेक नसल्यासारखी दिसणारी ती गाडी पाहून घाम फुटला, पण ते गेले. खाली उभं राहून मी पाहिलं. सर्वांत उंच टोकावर गाडी क्षणभर थांबली आणि कोसळली, त्या सगळ्या किंकाळ्यांत साडूंची बोंब कुठली ते मला स्पष्ट ओळखता आलं.

अशा ठिकाणी उतारावर आपोआप फोटो निघतो. बाहेर पडताना पडद्यावर सगळ्यांचे चेहरे लागतात. रेवाने तो घेतलाच. फोटोत तिचे केस उभे आहेत, तोंड उघडं आहे आणि ती समोर न बघता शेजारी बापाकडे बघतेय. साडू हसताहेत. डावा डोळा गच्च मिटलेला आणि उजवा हात मूठ वळून उजव्या डोळ्यासमोर धरलेला, जणू त्यात कॅमेरा आहे. "डोकं कापलंय वरून," साडू म्हणाले. "आणि संमती घेतली नाही." पण फोटो त्यांनी परतीच्या वाटेवर तीनदा मागून घेतला.

त्यानंतर एक अघटित घडलं. साडू कॅमेरा आमच्याकडे विसरले. फोन केला तर म्हणाले, "असू दे, पुढच्या वेळी नेईन." ऑक्टोबरमध्ये रेवाला पोचवायला आले, तिच्या खोलीत दिवा टांगला, धुराचा इशारा देणारा भोंगा तीनदा वाजवून पाहिला आणि कॅमेरा न घेताच गेले. मीही आठवण केली नाही. मग एका रविवारी रेवा आमच्याकडे वरणभात खायला आली आणि जाताना कपाटातून शालीसकट तो घेऊन गेली.

दिवाळीत आम्ही तिला घेऊन वोल्फ्सबुर्गला गेलो. फराळाच्या ताटल्या हातात आल्यावर तिने कॅमेरा काढला आणि टीव्हीला वायर जोडली. साडू काही विचारणार तेवढ्यात पडद्यावर एक डुगडुगती भिंत आली आणि रेवाचा आवाज आला, अडखळत, पण मराठीत.

"आजी, नमस्कार. मी रेवा. ही माझी खोली. ही खिडकी. बाहेर झाड आहे, त्याचं नाव मला मराठीत माहीत नाही. इथे थंडी आहे. मी स्वेटर घातला आहे."

ताईंची चकली हातातच राहिली. कॅमेरा हळूहळू पलंगावरून, पुस्तकांवरून भिंतीकडे गेला आणि तिथे लावलेल्या एका फोटोवर येऊन थांबला. आधी सगळं धूसर होतं, मग स्पष्ट झालं.

"आणि आजी, हे बाबा. तू नेहमी विचारायचीस ना. हे असे दिसतात."

कॅसेट संपली.

"फोकस जरा उशिरा आला," साडू म्हणाले. मग म्हणाले, "रेवा, परत लाव गं."

तिने कॅसेट मागे घेतली. साडू दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते, हातांत काही नव्हतं. दोन्ही डोळे उघडे होते, आणि डावा उजव्याइतकाच भरून आला होता.