क्वार्टर नंबर म्हणजे माणूस नव्हे

बाळांनो, तुम्ही तिकडे संगणकावरच पोट भरता, म्हणून ही मूर्खता तुम्हाला लगेच कळेल.

भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये मी इस्पितळाच्या नोंदणी विभागात होते. आमच्याकडे माणूस क्वार्टर नंबराने, म्हणजे कंपनीने दिलेल्या घराच्या नंबरानेच ओळखला जाई. हळदीकुंकवाची बोलावणीसुद्धा नंबरांच्या यादीवरून जात. बायकांच्या यादीला ते शोभतं. पण संगणक विभागाच्या साहेबांनी औषधोपचाराच्या कार्डांसाठी कर्मचाऱ्यांचं टेबल केलं, त्यातही क्वार्टर नंबरच प्रायमरी की. ज्या रकान्यावरून एक ओळ दुसरीपासून वेगळी ओळखायची, तो रिकामा नको आणि त्यातला नंबर दोनदा येता कामा नये, एवढं संगणकाच्या पुस्तकाचं पहिलं पान सांगतं. साहेब तिथवर पोचले असावेत असं मला वाटत नाही.

आमच्या शेजारीणबाई ड्रॉइंग ऑफिसात नकाशे उतरवून घेणाऱ्या ट्रेसर होत्या. नवराही कारखान्यातच, अर्थात क्वार्टर एकच. नवऱ्याची ओळ आधी भरली, यांची मशीनने नाकारली. आश्रितांच्या टेबलाला फॉरेन की होती: ज्या कर्मचाऱ्याची ओळ नाही, त्याचं माणूस घ्यायचं नाही. म्हणून शेजारणीच्या आईला कार्ड नाही, आणि कार्डाशिवाय मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख नाही. म्हातारी ताटातली भाजी बोटांनी चाचपून जेवत असे.

मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, म्हातारीला जावयाच्या नावावर दाखवा. सासू नियमात बसत नाही, हे मी त्यांना सांगितलं.

"मग त्या बाईंनी वेगळं क्वार्टर घ्यावं. टेबल एकदा झालं ते झालं, मॅडम."

"उद्या तुम्ही क्वार्टर बदललंत, तर तुम्ही कोण?"

त्यांनी चहा मागवला.

घरी येऊन मी कागदावर सगळं लिहून काढलं. ज्याचा त्याचा स्टाफ नंबर प्रायमरी की. क्वार्टर नंबर साधा रकाना, कितीही वेळा येवो. आश्रितांची फॉरेन की स्टाफ नंबराकडे. जन्मतारीख नॉट नल, म्हणजे रिकामी चालणार नाही. तो कागद आठवडाभर त्यांच्या खणात पडून होता. मग एके दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि स्वतःची 'सुधारित रचना' दाखवली, ओळीनओळ माझ्याच कागदावरची. प्रायमरी की म्हणजे काय, हेही मला सावकाश समजावून सांगितलं. मी मान डोलावत राहिले, कारण म्हातारी बाहेर बाकावर बसली होती आणि नव्या रचनेत निघालेल्या तिच्या कार्डावर साहेबांची सही अजून व्हायची होती.

सही झाली. कार्ड उचलून मी निघाले, तेव्हा साहेबांचं वाक्य अर्धंच झालं होतं.