आक्कांनी चुकवलेली तारीख

२१ सप्टेंबर, रविवार. उद्या घट बसायचे, म्हणून माती चाळायला घेतली आहे. माती मखमलाबादच्या पुढे आक्कांचा मळा आहे तिथली. आक्का जाऊन दोन वर्षं झाली, तरी त्यांची सून आठवणीने फडक्यात बांधून पाठवते. खाली वर्तमानपत्र पसरलंय, खडे बाजूला पडताहेत आणि मी चिडलेली आहे. सकाळी अंघोळीला गेले तेव्हा कपड्याला रक्ताचा डाग दिसला. करंगळीच्या नखाएवढा. आठ वर्षांपूर्वी, चौतिसाव्या वर्षी, कॅन्सरमुळे माझं गर्भाशय काढलं, म्हणजे हा डाग पाळीचा असू शकत नाही. हे मला कळतं आणि नवऱ्यालाही कळतं. तरी तो म्हणाला, "दसऱ्यानंतर तुझी तपासणीची तारीख आहेच की. तेव्हाच दाखवू. रेडिएशनमुळेही होतं असं कधी कधी, मी वाचलंय."

रेडिएशनमुळे होतं, हे खरंच आहे. म्हणून तर जास्त राग येतो. थांबायला एक चांगलं कारण हाताशी आहे.

आक्का आपली भीती बाजारभाव सांगावा तशी सांगायच्या. गंगापूर रोडच्या दवाखान्यात रेडिएशनसाठी रोज बसावं लागे, तिथे आमची गाठ पडली. त्या हॉलमध्ये सगळे शूर. नवरे बायकांना पॉझिटिव्ह राहायला सांगताहेत, बायका माना डोलावताहेत, कुणी जपाची माळ ओढतंय. आणि भिंतीला टेकून, खुर्ची सोडून खाली बसलेली, पन्नाशीची एक बाई परडीतला झेंडू ओवतेय. पहिल्याच दिवशी माझ्याकडे बघून म्हणाली, "आज लय भ्या वाटतंय बघ. काल निम्मं होतं."

मी विचारलं, "मग काय करता?"

"काय करायचं? भ्यायचं. नंबर पुकारला का उठायचं."

इतक्या दिवसांत कुणीतरी पहिल्यांदा खरं बोललं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या शेजारी खालीच बसायला लागले.

फुलं ओवण्यावरून तिथल्या वॉचमनशी त्यांचं रोज वाजायचं. "मावशी, हा दवाखाना आहे, फूलबाजार नाही." आक्का सुई न थांबवता म्हणायच्या, "तुमच्या फिनेलच्या वासानं माणूस आधी मरंल. त्यापरीस हे बरं नाय का?" मळ्यात सून एकटी, बाजार पहाटेचा, तेव्हा इथला रिकामा वेळ त्यांना परवडण्यासारखा नव्हता. ओवून झालेल्यातली एक माळ जाताना त्या वॉचमनच्या टेबलावर ठेवायच्या. भांडण मात्र दुसऱ्या दिवशी नव्याने.

उपचार संपले तेव्हा नातेवाइकांनी माझ्याकडे पेढे मागितले. त्यांच्या हिशेबी प्रकरण मिटलं होतं. "तरुण आहेस, निभावलीस." "एक मुलगी आहे ना पदरात, मग झालं तर." माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती. कंबर धरली की मी तिच्या दहावीपर्यंतची वर्षं मोजायची. पोट फुगलं की आदल्या रात्रीचे वाटाणे आठवायच्या आधी कॅन्सर आठवायचा. हे कुणाला बोलून दाखवलं की ऐकवायचे, "तू ना, फार विचार करतेस." जसा काही विचार मी हौसेने घरी पाळलाय. आक्कांना फोनवर सांगितलं तर त्यांनी सरळ विचारलं, "परत येतो का तो?"

"येतो कधी कधी."

"मग भ्यायचंच की. त्यात लाजायचं काय?"

त्यांचा नियम एकच होता. "भ्यावं खुशाल, पण तारीख चुकवू नाय." माझ्या तपासणीच्या दिवशी सकाळी त्यांचा फोन यायचा. कशी आहेस वगैरे नाही. "निघाली का?" मी हो म्हटलं की फोन बंद. एका वर्षी मुलीच्या परीक्षेमुळे मी तारीख महिनाभर पुढे ढकलायची म्हटलं. तारखेच्या दिवशी सकाळीच आक्का मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून इंदिरानगरात माझ्या घरी हजर. मांडीवर मेथीच्या जुड्या. चपला न काढता दारातूनच म्हणाल्या, "पोरीचा पेपर तू लिवणार हाय का?"

"नाही, पण घरी कुणीतरी—"

"मी बसते. पर्स घे."

मी गेले. परत आले तेव्हा घरातली सगळी मेथी निवडून झाली होती, आणि माझ्या मुलीला सुईत दोरा ओवता येत होता. तिचा पेपरही चांगला गेला.

अशी ही बाई. आणि तिनेच चुकवली. हे आजही माझ्या पचनी पडत नाही.

तीन वर्षांपूर्वी नवरात्रात, घट बसले त्याच्या तिसऱ्या दिवशी आक्कांना रक्त दिसलं. घटावर रोजची माळ त्या स्वतः चढवायच्या. ते काम त्यांनी लग्नाच्या वर्षापासून दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र त्या देवघरातून उठल्या, ओट्यावर जाऊन बसल्या आणि सुनेला म्हणाल्या, "आजपासून माळ तू घाल. मला शिवू नको." सून त्यांना आत्या म्हणायची. ती मला नंतर रडत सांगत होती, "ताई, मी विचारलं हो, आत्या तुम्हाला आता कसलं आलंय? तर म्हणल्या, काय नाय, गुडघं दुखत्यात, बसवत नाय. मी म्हणलं असंल."

घट उठले. दसऱ्याचा झेंडू बाजारात गेला. रक्त थांबलं. मग दिवाळी आली, शेवंती आली. दिवाळीनंतरच्या त्यांच्या तारखेला मी सकाळी फोन केला, "निघालात का?" तर म्हणाल्या, "निघाले, निघाले." त्या शेतात होत्या. माघात पुन्हा रक्त गेलं आणि या वेळी ते थांबेना, तेव्हा मुलाने उचलून दवाखान्यात नेलं. तोवर आजार फुप्फुसापर्यंत पोचला होता.

मी भेटायला गेले ती भांडायचं ठरवूनच. आजारी माणसाशी भांडू नये म्हणतात. मी भांडले.

"आक्का, पिशवी काढलेल्या बाईला पाळी येत नाही, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"चांगलं माहीत होतं."

"मग?"

आक्कांनी सलाइन लावलेला हात पांघरुणावर नीट ठेवला. मग म्हणाल्या, "रक्त दिसलं आन् हात आपसूक मागं आला गं. एवढ्या वर्सांची सवय. देवापासनं आधी उठले, ओट्यावर जाऊन बसले, मंग ध्यानात आलं का आपल्याला तर पिशवीच नाय. तवा लय भ्या वाटलं. आजवर वाटलं नव्हतं एवढं."

"मग तेव्हा का नाही सांगितलं?"

"म्हणलं, आता उठलेच हाय तर घट उठू दे. पाळीच हाय असं चार दिस धरून चालू. बरं वाटलं तेवढंच. मंग थांबलं. थांबलं का माणूस इसरतं गं."

"तारीख चुकवू नये म्हणून मला दारात येऊन ओरडलात."

"तुझ्या भ्याला घाबरत नव्हते ना मी," आक्का म्हणाल्या. "माझ्या भ्याला घाबरले."

राग मात्र गेला नाही. तो त्या गेल्या तरी गेला नाही, आणि आज चाळणी हलवताना तर चांगलाच वर आलाय. मला त्यांच्या हुशारीचा राग येतो, त्या चार दिवसांच्या शिस्तीचा राग येतो, ज्या शिस्तीने त्यांना आयुष्यभर बाजूला बसवलं आणि शेवटी लपायला जागाही दिली. आणि स्वतःचा राग येतो तो अशासाठी: सकाळी डाग बघून बाहेर आले, घटाचं तांब्याचं भांडं घासायला उचललं, आणि क्षणभर माझाही हात मागे आला. मी कॉम्प्युटरवर काम करणारी बाई. माझ्या घरात कुणी कधी बाजूला बसलेलं नाही. तरी हात मागे आला.

माती चाळून झाली. आता सात धान्यं भिजत घालायची आहेत. नवरा म्हणतोय, हवं तर उद्या घट शेजारच्या काकूंकडून बसवून घेऊ, तुझ्या डोक्याला ताप नको. चांगल्या मनाने म्हणतोय. त्याला उत्तर उद्या देईन.

२२ सप्टेंबर. सकाळी अंघोळ करून घट मीच बसवला. परडीत आक्कांच्या मळ्यातली माती पसरली, धान्य पेरलं, पाणी शिंपडलं, पहिली माळ चढवली. नवरा दारात घुटमळला. "तू हात लावतेस? म्हणजे मला काही नाही, पण..."

"हे पाळीचं नाही," मी म्हटलं. "पाळी म्हणून बाजूला बसले, तर दवाखान्यात कशाला जायचं? गाडी काढ."

त्याने गाडी काढली. सिग्नलला मी सवयीने पर्समधला फोन बघितला. कुणाचा नव्हता. येणार तरी कुणाचा?

दवाखान्यात खिडकीवर नवी मुलगी होती. तिने कॉम्प्युटरवर माझं नाव बघितलं. "मॅडम, तुमची तारीख दसऱ्यानंतरची आहे."

"माहीत आहे. आज दाखवायचंय."

मागे रांग होती. ती जरा पुढे वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "काय त्रास होतोय?"

"रक्त गेलंय," मी सांगितलं, मागच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "आणि मला फार भीती वाटतेय. नंबर द्या."