दुसऱ्या मजल्यावरची खुर्ची

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. तरीही ब्याऐंशी वर्षांचे माझे वडील रोज संध्याकाळी पाच वाजता मंडईत भाजीला जायचे. येताना दम लागतो म्हणून दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांनी घरातली एक लाकडी खुर्ची नेऊन ठेवली होती.

मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो आणि जिन्यातलं सामान हटवायची नोटीस काढली. सायकली, कुंड्या, चपलांचे स्टँड. लोक कुरकुरले. सुरुवात आपल्या घरापासून करावी म्हणून सगळ्यांच्या देखत ती खुर्ची मीच गच्चीवर नेली. त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला होता. हे लिहिताना लाज वाटते.

वडील एवढंच म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, दम लागला तर जिन्यात उभं राहिलेलं चालेल ना? की मीही सामानातच?"

मी हसलो. आठवड्याभरात त्यांचं उतरणं बंद झालं. "गुडघा दुखतो," म्हणाले. मी ते सोयीस्करपणे खरं मानलं आणि भाजी मोबाइलवरून मागवू लागलो. मी घरूनच काम करतो, त्यामुळे सगळं दिसायचं. पाच वाजले की ते चपला घालत, दारापाशी थोडा वेळ थांबत आणि चपला काढून ठेवत. तीन महिने मी हे नुसतं पाहत होतो.

मग एकदा समोरच्या काकूंनी मला जिन्यात अडवलं. "अरे, ती खुर्ची काय तुझ्या वडिलांची एकट्याची होती? आम्ही चार म्हातारे तिच्या भरवशावर खाली जात होतो. आता मुलगा रविवारी हात धरेल तेव्हा देवळात जायचं!"

मी बैठक बोलावली, चूक कबूल केली. वळणावर भिंतीला एकाला बसता येईल अशी घडीची फळी लावली, जिनाभर धरायला दांडी बसवली. वडिलांना सांगितलं. "पाहू," म्हणाले.

चार दिवस मी पाच वाजता काम सोडून कान देऊन बसलो. पाचव्या दिवशी कडी वाजली. ते दांडी धरून एकेक पायरी उतरले, वळणावर बसले.

"मी येऊ का बरोबर?" मी वरून विचारलं.

"नको. इथे एकाचीच सोय आहे."

बऱ्याच वेळाने ते उठले, आणि खाली न जाता वर आले. पाय थरथरत होते. "आज एवढंच."

मग त्यांनी खिशातून घडी घातलेली भाजीची पिशवी काढली आणि पुन्हा खुंटीला अडकवली.